बंद झाला का गं पंप?

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या बसस्टँडसमोर एका रिक्षावाल्याशी भांडत होते. तो मला रस्त्याच्या पलीकडे उतरवू पाहत होता आणि मला अलीकडे उतरायचं होतं. भांडण एवढंच, पण मी ते अगदी मन लावून करत होते. फोन गंगाखेडहून, वहिनींचा. "वन्सं, हे गेले," त्या म्हणाल्या. "पेपर वाचायलते... तसेच गेले, खुर्चीतच." मी "बरं" म्हणाले. फोन पर्समध्ये टाकला आणि जिथं सोडलं होतं तिथून भांडण पुन्हा सुरू केलं. दोन-तीन वाक्यं मी बोललेसुद्धा. मग त्या माणसानंच विचारलं, "बाई, घरून काही वाईट बातमी हाय का?" त्यानं कशावरून ओळखलं कोण जाणे. मी सांगितलं, माझे भाऊ गेले. त्यानं रिक्षा वळवली, थेट स्टँडच्या आत नेली, गंगाखेडच्या गाडीच्या दारात उभी केली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं की ह्या बाईंना खिडकीजवळ जागा द्या.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. एवढ्या दिवसांत मी एका जागी तासभर बसलेली नाही. वाचायला घेते, उठते. कुकर लावते, शिट्ट्या मोजायला विसरते. हा लेखही मी चार वेळा सुरू करून टाकून दिला, कारण अण्णांविषयी लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागते आणि ती मी कुणाजवळ कबूल केलेली नव्हती. त्यांच्याजवळ तर नाहीच.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. गंगाखेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. तिथून शिकून गेलेली मुलं आज कुठंकुठं मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि अजून त्यांना 'लॅबवाले अण्णा' म्हणतात. अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर, आणि कान... कानांविषयीच सांगायचं आहे. कुठलाही आवाज, तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय, त्यांना सोसत नसे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढायला आला की अण्णांचं पान रिकामं. ते कार्यालयाच्या मागच्या बाजूला कुरकुरणाऱ्या पंख्याखाली स्टूल घेऊन उभे असायचे. मला बघायला परभणीहून मंडळी आली, त्या दिवशी तर कमाल झाली. पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले तर मुलाकडची माणसं खोलीत आणि माझा भाऊ अंगणात त्यांच्या जीपखाली. नवे कपडे, तोंडाला ग्रीस. आई लाजेनं अर्धी झाली. अण्णा बाहेर येऊन माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "तुमचं पुढचं डावं चाक घासायलंय, जाताना जरा सबुरीनं जावा." सासरे नंतर कित्येक वर्षं म्हणायचे, मुलगी आम्ही नीट बघितलीच नाही, तिच्या भावालाच पसंत करून आलो. मी यावर चिडायची. अजूनही थोडी चिडते.

गाडी अण्णांकडे आली ती जिंतूरहून. तिथल्या एका डॉक्टरांची जुनी विलायती मोटार, काळी, गोल पाठीची, त्यांच्या गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. अण्णा कशाला तरी जिंतूरला गेले आणि दोन दिवसांनी ती मोटार कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर चढवून घरी घेऊन आले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं, आणि आत जाऊन भाकरी थापायला बसल्या. त्या दिवशी थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, असं अण्णाच हसत सांगायचे. घराच्या बाजूला पत्र्याची शेड उभी राहिली. पुढच्या दोन वर्षांत गाडी चालायला लागली, आणि ती चालायला लागली त्या दिवसापासून अण्णांच्या आणि तिच्या पेट्रोलच्या पंपाचा जो झगडा सुरू झाला, तो मिटलाच नाही.

या पंपाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हल्लीच्या गाड्यांत पंप असतो हेही आपल्याला माहीत नसतं, इतका तो गप असतो. अण्णांच्या गाडीचा पंप विजेवर चालणारा आणि बोलका होता. किल्ली फिरवली, म्हणजे इंजिन सुरू न करता नुसती अर्धी फिरवली, की बॉनेटखालून टकटकटकटक सुरू व्हायचं. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून तो पुढं कार्बोरेटरात भरायचा. ते भरलं की त्याला काम उरत नसे. टकटक मंदावायची आणि थांबायची. थांबली की सगळं ठीक. थांबली नाही तर कुठंतरी गडबड आहे, आणि ती गडबड कुठं आहे हे शोधण्यात माझ्या भावाला जो आनंद व्हायचा तो त्याला दिवाळीतही होत नसे. "बघ सुमे," ते मला समजावायचे, "पेट्रोल पुढून गळायलंय, का मागून नळीत हवा शिरायलीय, का ह्याच्याच पोटात बिघाड हाय? तीनच जागा. उसाच्या विहिरीवरची मोटार हवा धरती का न्हाई, तसंच हाय हे." पुढची नळी सोडून ते तिच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचे. अंगठ्याखाली पंप गप झाला तर पंप निर्दोष, कार्बोरेटरात बघायचं. गप नाही झाला तर नळीचं टोक काचेच्या बाटलीत सोडायचं आणि पेट्रोलमध्ये बुडबुडे येतात का ते बघत बसायचं. बुडबुडे आले की अण्णा "सापडला!" म्हणून ओरडायचे, जणू घरात शिरलेला चोर सापडलाय.

आणि आवाज ऐकायला लाटणं. होय, पोळ्या लाटायचं लाटणं. त्याचं एक टोक पंपावर आणि दुसरं कानाच्या भोकाशी धरायचं. लाकडातून आवाज सरळ आत येतो, असं ते म्हणायचे. वहिनींनी लाटण्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून तीन लाटणी बदलली. शेवटी त्यांनी एक जुनं लाटणं शेडमध्ये खिळ्याला टांगून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी घालायला सुरुवात केली. एवढंच त्यांचं या प्रकरणातलं बोलणं. त्या शेडमध्ये येत नसत. त्या गाडीत पुढंही बसत नसत, मागं बसत, डोक्यावर पदर घेऊन. पुढं मी. माहेरपणाला आले की मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, अण्णा बॉनेट उघडायचे, "फिरव!" म्हणायचे आणि मी किल्ली फिरवायचे. बॉनेट उघडं असलं की आतून समोरचं काहीच दिसत नसे, नुसता काळा पत्रा. त्या पत्र्याआडून अण्णांचं बोलणं यायचं... "मंदावला... मंदावला... हं, झाला गप." मी काही सांगायची गरजच नसायची. ते मला सांगायचे.

हे कधी उलटं झालं ते मला आठवत नाही. मी निवृत्त झाले, माझे यजमान आधीच गेलेले, आणि मी दर दुसऱ्या शनिवारी परभणीहून गंगाखेडला जायला लागले. पत्र्याआडून आता प्रश्न यायचा, "बंद झाला का गं पंप?" मी "झाला" किंवा "नाही" म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं, खात्री करून घेतात. मग एका शनिवारी मी न सांगता आधीच्या गाडीनं गेले आणि सरळ शेडमध्ये शिरले. अण्णा पंपावर वाकले होते आणि लाटणं त्यांच्या कानाशी नव्हतं. दातात होतं. एक टोक पंपावर आणि दुसरं दातांत घट्ट धरलेलं, डोळे मिटलेले. मी "अण्णा" म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले. नाही पाहिलं. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते असे दचकले की लाटणं खाली पडलं. लहानपणी त्यांचे दोन्ही कान फुटायचे, त्याचं हे उशिरानं आलेलं बिल होतं. ते म्हणाले, "कानातून न्हाई येत आता. हाडातून येतं थोडं थोडं." आणि मग लहान पोरानं म्हणावं तसं म्हणाले, "तुझ्या वहिनीला सांगू नको. गाडीला हात लावू द्यायची न्हाई ती."

मी नाही सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते गुपित फार आवडलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या कानांचं कौतुक ऐकत आले, त्याचे कान आता मी होते. तीन वर्षं मी त्या सीटवर बसून घसा ताणून ओरडत राहिले, तेवढं त्यांच्या कानापर्यंत पोचायचं, "मंदावला... चालूच आहे... बंद झाला." मुख्याध्यापिका म्हणून शाळेत जेवढा तोरा मिरवला नसेल तेवढा त्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरवला. घरी परतताना एसटीत मला वाटायचं, आपण नसतो तर अण्णांचं काय झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या शनिवारी पंप काही केल्या गप होत नव्हता. भरभर वाजून मंदावायचा आणि मग दर चार-पाच सेकंदांनी एक टक्... पुन्हा एक टक्... असा चालूच राहायचा. अण्णा सकाळपासून गाडीखाली पोतं अंथरून पडले होते, टाकीकडची नळी बघत. हल्लीच्या पेट्रोलनं जुनी रबरं लवकर कडक होतात, असं ते सारखं म्हणत. दुपारी तीनपर्यंत मी सात-आठ वेळा किल्ली फिरवली असेल. पत्रा तापलेला, पेट्रोलच्या वासानं डोकं उठलेलं, आणि त्या दिवशी परभणीत आमच्या भागात नळाला पाणी यायचं होतं. ज्यांना रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा येणारं पाणी चुकलं तर पुढचे आठ-दहा दिवस कळशी घेऊन शेजाऱ्यांच्या दारी. पुढची एसटी गाठली तरच मी वेळेत पोचणार होते, आणि हे मी अण्णांना सकाळपासून चार वेळा सांगून झालं होतं. त्यांनी नळीवर नवी पट्टी आवळली, पुढं आले, बॉनेटखाली वाकले. "फिरव." मी फिरवली. टकटकटकटक. मंदावला. थांबला असं वाटलं. मग, टक्.

"बंद झाला का गं?"

"झाला," मी ओरडून सांगितलं.

"नक्की?"

"नक्की, अण्णा. एकदम गप झालाय." आणि मी हे वाक्य बोलत असतानाच पंप पुन्हा एकदा वाजला.

पत्र्याआडून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. जा तू. पाणी जाईल तुझं." मी पर्स उचलली आणि निघाले. एसटी मिळाली, पाणीही मिळालं, सगळी पिंपं काठोकाठ भरली. त्या रात्री मला झोप शांत लागली हेही लिहून टाकते. माझ्या खोटेपणाची टोचणी मला त्या दिवशी लागली नव्हती, महिनाभरानं लागली. माझा भाचा मिलिंद पुण्याहून फोनवर म्हणाला, "आत्या, बाबा गाडी घेऊन सोनपेठच्या रस्त्याला गेले होते, मध्येच बंद पडली. ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. बहुतेक आता नाही नेणार बाहेर." त्या क्षणी मला सगळं चित्र दिसलं... अण्णांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी बाहेर काढली, भर उन्हात ती बंद पडली, रस्त्यावरच्या लोकांनी म्हाताऱ्याकडे बघून माना हलवल्या असतील, आणि दुरुस्त केलेला पंप कसा बंद पडला म्हणून माझा भाऊ स्वतःलाच दोष देत परत आला असेल. आपल्याला आता काही कळत नाही असं त्यांना वाटलं असेल, आणि ते मी वाटायला लावलं.

पुढच्या शनिवारी मी गेले ते सांगायचंच असं ठरवून. चहा झाला. मी म्हणाले, "अण्णा, शेडमध्ये जायचं का?" ते म्हणाले, "आज काही काम न्हाई गं. बस तू." त्यानंतरच्या शनिवारीही तेच. आठ महिने मी जात राहिले, अण्णांनी मला पुन्हा कधी किल्ली फिरवायला सांगितली नाही, आणि प्रत्येक वेळी मी ते शब्द तोंडात घोळवत गेले आणि तसेच परत घेऊन आले. कधी पाहुणे असायचे, कधी त्यांची तबियत बरी नसायची, आणि कधी काहीच कारण नसायचं. ते गप्पा मारायचे, हसायचे, माझ्या ओठांकडे बघून मी काय म्हणतेय ते ओळखायचे. माझ्या ओठांवर ती एकच गोष्ट कधी आली नाही. मग तो फोन आला, रिक्षात.

तेराव्यानंतर मी परभणीला परतले आणि वर सांगितलं तशी घरभर फिरत राहिले. गेल्या आठवड्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, कागदपत्रांचं काही असेल. त्या म्हणाल्या, "वन्सं, पंप वाजायलाय. येता का?"

मला आधी कळेचना. पंप? वहिनी? त्या शेडमध्ये पाय ठेवत नसत. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर शेडचं दार उघडं, बॉनेट वर केलेलं आणि वहिनी पदर कमरेला खोचून उभ्या. "आठवड्याला एकदा किल्ली फिरवायची असं सांगितलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "फिरवली तर थांबायलाच तयार न्हाई. बसा तुमी आत." मी सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. समोर तोच काळा पत्रा. पत्र्याआडून आवाज आला, "फिरवा." मी फिरवली. टकटकटकटक... मंदावला... टक्... टक्...

"बंद झाला का?" वहिनींनी विचारलं.

आणि मला रडू कोसळलं. तेराव्यापर्यंत कोरडी राहिलेली मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हुंदके देऊन रडले. वहिनी घाबरून दाराशी आल्या. मी सगळं सांगून टाकलं. तो शनिवार, एसटी, पाणी, मी बोललेलं खोटं, पंप वाजत असताना बोललेलं. माझ्यामुळे गाडी सोनपेठच्या रस्त्यावर बंद पडली, माझ्यामुळे अण्णांनी हाय खाल्ली, मी त्यांच्या बहिरेपणाचा फायदा घेतला...

"माहीत हाय मला," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तुमी खोटं बोललात ते. त्याच दिवशी सांगितलं की त्यांनी. म्हणले, सुमीला पाण्याची लय घाई होती, बिचारी बेजार झाली होती उन्हानं, म्हणून जा म्हणलो."

मी पदरानं तोंड पुसलं. "त्यांना कसं कळलं? त्यांना ऐकू येत नव्हतं वहिनी, तुम्हाला ठाऊक नाही, पण त्यांना..."

"एका घरात राहून मला ठाऊक नसंल होय?" वहिनी पहिल्यांदाच जरा चिडल्या. "रेडिओ बंद असला तरी मान डोलवत बसायचे. मी बोलले न्हाई कधी. त्यांना वाटायचं मला कळलं न्हाई, तर वाटू द्यावं." मग त्या गाडीच्या दाराला टेकल्या आणि बोलत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्या शनिवारनंतर दोन दिवसांनी अण्णांनी त्यांनाच शेडमध्ये बोलावलं होतं. किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं, अंगठा कुठं दाबायचा, बुडबुडे कुठं बघायचे. "मला म्हणले, तुला कुठं जायची घाई न्हाई. वाजायलाय तर वाजायलाय म्हण, उगं माझं मन राखायला गप झाला म्हणू नको." आणि सोनपेठचा रस्ता? तिथं गाडी बंद पडणार हे दोघांना माहीत होतं. नळी हवा घेतेय हे कळलं होतं, पण किती अंतर गेल्यावर पंप दम सोडतो हे अण्णांना बघायचं होतं, म्हणून मुद्दाम नेली होती. वहिनींनी पोळी, भेंडीची भाजी आणि ठेचा बांधून घेतला होता. "पुढं बसले मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाभळीखाली बसून जेवलो. नंतर ट्रॅक्टरवाला म्हणला, आजी, खाली उतरा, ओढायची हाय. मी म्हणलं, ओढ की, मी न्हाई उतरायची." हे सांगताना त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. आठ महिने जे ओझं मी वागवलं ते नव्हतंच. माझ्या खोट्यानं माझा भाऊ मोडला नव्हता; तो बायकोला पुढच्या सीटवर बसवून फिरायला गेला होता. पण मला आनंद झाला नाही. मला मत्सर वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ते स्वतःवरचा विश्वास घालवून बसले असं मी धरून चालले होते. त्यांचा विश्वास गेला होता तो माझ्यावरचा, आणि तोही त्यांनी चहाचा कप पुढं करत, हसत, मला कळू न देता काढून घेतला होता. "मला का नाही बोलले?" मी विचारलं. "एकदा तरी बोलायचं. रागवायचं."

"तुमी धाकट्या त्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "तुमाला खोटं पाडून काय करणार होते?"

मग त्या म्हणाल्या, "या इकडं," आणि मला बॉनेटपाशी घेऊन गेल्या. त्या पंपासमोर मी याआधी कधी उभी राहिले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी जागा कायम पत्र्याच्या अलीकडे. मुठीएवढं ते यंत्र, त्याच्या टोकाला काळी टोपी. टोपी तेलानं आणि धुळीनं राप बसलेली, फक्त एका बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नाही, झिजून गुळगुळीत झालेली, आरशासारखी. वहिनींनी माझं बोट धरून तिथं टेकवलं आणि आत जाऊन किल्ली फिरवली. पंप माझ्या बोटाखाली जिवंत झाला. टकटक नखाच्या मुळापर्यंत येत होती, मंदावली तीही कळली, आणि मग एकेक ठोका... कान बंद करून सांगता आला असता. "लय वर्षांपासून ते बोट तिथंच असायचं," वहिनी आतून म्हणाल्या. "कान होते तवापासून. त्यांनीच दाखवलं मला."

"मग मला विचारायचे कशाला?" मी म्हणाले. "तीन वर्षं? त्यांना कळतच होतं तर?"

वहिनी गाडीतून उतरल्या, पदराला हात पुसले. "ते मला कसं माहीत असंल? मला बी विचारायचेच की."

त्या दिवसापासून मी हाच एक प्रश्न घेऊन फिरते आहे. बोटाला जे कळतंय ते खरं का, हे ते माझ्याकडून पडताळून बघत होते? का पत्र्यापलीकडे कुणीतरी आहे आणि आपल्याशी बोलतंय, एवढंच त्यांना हवं होतं? मी तोऱ्यात "बंद झाला" म्हणायचे तेव्हा ते पत्र्याआड हसत असतील का? ज्या दिवशी मी खोटं बोलले त्या दिवशी त्यांच्या बोटाखाली पंप वाजत होता आणि कानावर कदाचित माझा अस्पष्ट आवाज येत होता. त्यांनी "नक्की?" विचारलं ती मला दिलेली दुसरी संधी होती, हे मला आज कळतंय. उत्तर मिळत नाही आणि मी खोल्यांतून फिरते.

पण त्या सकाळी विचार करायला वेळ नव्हता. वहिनींनी नळी सोडली, टोकावर अंगठा दाबून धरला. पंप गप होईना. टोक बाटलीत सोडलं. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. "मागून हवा," वहिनी म्हणाल्या, अगदी अण्णांच्या सुरात. "गाडीखाली तुमालाच जावं लागंल वन्सं, माझे गुडघे न्हाई वाकत." सहासष्टाव्या वर्षी, इस्त्रीची सुती साडी नेसून, मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीखाली पोत्यावर आडवी झाले. टाकीजवळच्या नळीवर अण्णांनी आवळलेली पट्टी हाताला लागली. तिच्याच पुढं रबराला बारीक चीर गेली होती. तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवायला मला तास लागला. बाहेर आले तेव्हा केसांत माती होती आणि कोपर सोलवटलेलं होतं. वहिनींनी मला पाणी दिलं, स्वतः बॉनेटपाशी गेल्या, आणि मला दिसत नसलं तरी त्यांचं बोट आता कुठं असेल हे मला माहीत होतं.

"फिरवा."

टकटकटकटक सुरू झालं. मंदावलं. थांबलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेडच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, चालला, उडून गेला. पंप गप होता. तो गप राहावा असं मला इतकं वाटत होतं की मी तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात, फार लांबून आल्यासारखा, एकच ठोका आला. टक्.

"बंद झाला का?" पत्र्याआडून वहिनींनी विचारलं. त्यांच्या बोटाला तो लागला असणार, आणि तरी त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"नाही झाला," मी म्हणाले.

"बोट काढू का?"

"नका काढू, वहिनी. वाजायलाय अजून."